उतरवलेला पियानो

आधी शपथ घेते, मग सांगते. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, त्यातल्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची तर दोनदा, की यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्याने आत्ताच उठावं, चहा ठेवावा आणि येताना माझ्यासाठी अर्धा कप आणावा.

तर एक चष्मेवाली होती. खाली तिचं दुकान, वर घर. लोकांचे डोळे तपासायची आणि चष्मे करून द्यायची. हात हलका, जीभ जड. एकदा एक बाई तिला काकुळतीला येऊन म्हणाली, "नंबर वाढलाय असं सांगू नका हो, घरचे मला म्हातारी म्हणतील." चष्मेवाली म्हणाली, "मी नाही सांगितलं तर काय समोरची भिंत बाजूला सरकणार आहे?" आणि खसाखसा नंबर लिहून दिला. तिच्या दुकानात कुणाला खोटं बरं वाटायची सोय नव्हती.

नवरा शाळेत गाणं शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, बायकोसुद्धा. मऊ माणूस. घरात झुरळ निघालं तर त्याची समजूत काढून त्याला दाराबाहेर सोडणारा. त्यांच्या वरच्या खोलीत एक पियानो होता. तो जिन्यातून चढेना, म्हणून खिडकीची चौकट काढून दोरांनी वर ओढलेला. अर्ध्या वाटेत लोंबकळत असताना त्यात एक कबूतर शिरलं, ते वर पोचून झाकण उघडल्यावर बाहेर आलं आणि थेट माळ्यावर जाऊन बसलं. कित्येक दिवस त्याला चाल ऐकली की मान हलवायची सवय लागली होती.

लग्नाआधी चष्मेवालीने मास्तरवर कविता केल्या होत्या. एकेक कविता चष्म्याच्या डबीत घालून ती त्याला द्यायची. "काच बदलून आणलीय" असं सगळ्यांदेखत सांगायची आणि डबी हातात ठेवायची. मास्तरला तेव्हा चष्मा नव्हता, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या कवितांत ती त्याला बिनधास्त अरे-तुरे करायची. लग्न झाल्यावर झालं "अहो". म्हणजे 'तू' उरला तो फक्त कवितेत.

आता मास्तर निवृत्तीला टेकला तेव्हा त्याच्या मनाने घेतलं की त्या कवितांना चाली लावायच्या. एक गळा, एक पियानो, बाकी काही नाही. तबला नाही, बासरी नाही, मागे कोरस नाही. गाणार चष्मेवाली, वाजवणार मास्तर. लेक दुसऱ्या गावात नोकरीला होती, तिने हे ऐकलं आणि इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये एक संध्याकाळच ठरवून टाकली. पत्रिका छापल्या. चष्मेवालीने त्या काउंटरवर ठेवल्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत चष्म्याबरोबर एक सारली.

चाल लावणं म्हणजे काय, तर रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की भांडण. मास्तर म्हणायचा, "नुसती म्हण. गाऊ नकोस. बोलल्यासारखी म्हण." ती म्हणायची:

जरा इकडे बघ,
तुझे डोळे कुठल्या रंगाचे
हे मला अजून ठरवता येईना.

तो डोळे मिटून ऐकायचा. ती श्वास कुठे घेते, कुठला शब्द ओढते, कुठला टाकून देते. मग पियानोवर बोटं ठेवायचा. पहिल्या चालीत त्याने सगळ्यात वरचा सूर 'डोळे'वर ठेवला.

"का?" चष्मेवालीने विचारलं.

"प्रेमाची कविता आहे. डोळे नको का वर?"

"डोळे मी रोज शंभर बघते, त्यात काय एवढं. मुलगी त्याला म्हणतेय बघ. तो बघत नाहीये, म्हणून तर कविता. जोर 'बघ'वर."

मास्तरने दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी 'बघ' वर नेला. वरच्या सप्तकातल्या पांढरी चारवर. पेटी काय आणि पियानो काय, पट्ट्या अशाच मोजतात, पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक. आणि 'बघ'च्या आधी त्याने पियानोला गप्प केलं. सगळं थांबतं, खोलीत आवाज म्हणून राहत नाही, आणि मग तिचा एकटीचा सूर निघतो. पहिल्यांदा ती ते गायली तेव्हा खाली दुकानात कपाटातले चष्मे किणकिणले. शपथ घेतलीय मी.

ही पांढरी चार म्हणजे चष्मेवालीचा जीव की प्राण. तरुणपणी तिचा गळा तिथवर जायचा आणि या वयातही जात होता. याचा तिला केवढा तोरा. बरोबरीच्या बायकांचे गुडघे गेले, दात गेले, कुणाचे नवरे गेले, पण हिचा सूर जागेवर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात थेंब घालता घालता सांगायची, "माझी पांढरी चार अजून तशीच आहे बरं का." गिऱ्हाइकाला वाटायचं ती गाडीबद्दल बोलतेय.

वर्षातून एकदा पियानो जुळवायला किल्लीवाले यायचे. लांबट चेहऱ्याचा, मोजकं बोलणारा माणूस. पिशवीतून किल्ली काढायची, तारा पिळायच्या, चहात बिस्किटं बुडवून खायची आणि जायचं. चष्मेवाली त्यांच्यासमोरही मिरवायची. "किल्लीवाले, तुमच्या पियानोचा आवाज मंदावला, माझा नाही मंदावला." किल्लीवाले बिस्किट चहात इतका वेळ धरायचे की त्याचा लगदा व्हायचा. मास्तर म्हणायचा, "लाकूड आहे गं, लाकूडही थकतं." आणि ती मानायची. तीस-बत्तीस वर्षांचा संसार, माणूस कशाला शंका घेईल?

कार्यक्रमाच्या आधी दोघं हॉलवर तालमीला गेली. हॉल रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. स्टेजवर काळा चकचकीत पियानो. मास्तर म्हणाला, "तू समोर उभी राहा, लोकांकडे तोंड करून." ती राहिली. त्याने वाजवलं, ती गायली, आणि सूर अगदी घरच्यासारखा लागला. 'बघ' तर असा सुटला की मागच्या भिंतीवर जाऊन परत आला. फरशी पुसणारा फडकं हातात धरून ऐकत राहिला.

दुसऱ्या गाण्यात तिला एक ओळ आठवेना. घरी ती मास्तरच्या खांद्यावरून कागद वाचायची, तशीच ती इथेही मागे गेली आणि वाकली. मास्तर सुरुवातीपासून वाजवायला लागला. आता बघा, कान फसतात. पण या बाईचं पोट डोळ्यांवर चालत होतं. तिला दिसलं की याची बोटं चुकीच्या ठिकाणी पडताहेत. घरी हे गाणं पांढरीवर सुरू होतं आणि इथे पहिलंच बोट काळीवर. कागदावर एक, बोटांखाली दुसरं. आणि आवाज मात्र तोच.

"थांबा," ती म्हणाली. "पहिलं गाणं वाजवा. 'बघ'पाशी."

"का गं?"

"वाजवा."

मास्तरने वाजवलं. शाळेत प्रत्येक पोराच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलून वाजवणं त्याच्या डाव्या हातचा मळ. 'बघ'पाशी त्याची करंगळी काळी दोनवर होती.

"पांढरी चार दाबा."

त्याने दाबली. सूर वर गेला, चांगला एक पायरी वर. तिने गळा लावून बघितला. तिथे गळा नव्हताच. तिथे नुसती हवा होती.

"घरी मी गाते तो सूर पांढरी चारवर येतो," ती म्हणाली. "इथे तोच सूर काळी दोनवर कसा आला?"

"घरचा पियानो जरा उतरलाय. जुना झाला, तारा सैल पडतात…"

"उतरलाय की उतरवलाय?"

मास्तरने खिशातून रुमाल काढला आणि कोरड्या कपाळावरून फिरवला.

"किती वर्षं चाललंय?"

"तुला आठवतं का, लेकीच्या मैत्रिणीच्या घरी तू गायलीस आणि वरचा सूर फाटला? मग तू महिनाभर पियानोच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. जेवताना बोलायची नाहीस. मला बघवेना. किल्लीवाल्यांना म्हटलं, जरा, अगदी केसभर खाली घ्या. तू गायलीस, सूर लागला, आणि तू हसलीस. मग पुढच्या वर्षी आणखी केसभर."

"म्हणजे दरवर्षी."

"तुला कळत नव्हतं तोवर…"

"तोवर बरं चाललं होतं," चष्मेवाली म्हणाली. तिने पर्स उचलली, पुसलेल्या ओल्या फरशीवरून चपलांचे ठसे उमटवत बाहेर गेली आणि एकटीच रिक्षात बसली.

घरी येऊन तिने आधी लेकीला फोन लावला. "पियानोचं तुला माहीत होतं?"

तिकडून लेक म्हणाली, "तालीम कशी झाली गं?" कार्टी एरवी अशी विषय टाळणारी नव्हे.

"माहीत होतं," चष्मेवालीच म्हणाली.

"आई, बाबा म्हणाले तुला सांगू नको. तुला बरं वाटावं म्हणून गं सगळं."

"माझ्या दुकानात एखाद्याला बरं वाटावं म्हणून मी जुनाच नंबर लावून दिला, आणि तो समोरून येणारी गाडी न दिसून तिच्याखाली गेला, तर तू काय म्हणशील? आईने मायेने केलं म्हणशील?"

"गाण्याने कुणी गाडीखाली जात नाही आई."

"मी आख्ख्या गावाला सांगत फिरलेय, बाई. किल्लीवाल्याला सांगितलं. त्याच्याच तोंडावर. तो चहा पीत होता आणि मी त्याला माझी पांढरी चार ऐकवत होते, आणि ती त्यानेच मला करून दिलेली." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारा प्रेमाने कापतो, आणि आपण त्याला वर बिस्किटं देतो.

दुसऱ्या दिवशी तिने किल्लीवाल्यांना बोलावलं. आले, पण दारातच घुटमळले.

"या ना. बसा. आज चहा नाही," ती म्हणाली. "पियानो होता तिथे नेऊन ठेवा."

"वहिनी, एकदम एवढा चढवला तर तारा तुटतील."

"तुटू देत."

"मास्तर, तुम्ही तरी सांगा."

मास्तर खुर्चीतून उठायला लागला. "तुम्ही बसा," चष्मेवाली म्हणाली. "शेवटची तार चढेपर्यंत इथून हलायचं नाही. उतरवताना मला बसवलं नव्हतं, चढवताना मी तुम्हाला बसवणार."

दिवसभर ते चाललं. टिंग, टिंग, किल्ली पिळ, परत टिंग. मास्तर प्रत्येक सुराला डोळे मिटून घ्यायचा. दुपारी एक तार अशी काही सणसणीत तुटली की माळ्यावरचं कबूतर, म्हणजे त्या पहिल्या कबुतराचं नातवंडबितवंड असेल, फडफडत खिडकीतून निघून गेलं ते परत आलं नाही. किल्लीवाल्यांनी पिशवीतून नवी तार काढून ओढली.

काम संपल्यावर चष्मेवाली म्हणाली, "वाजवा. कागदावर आहे तसं."

मास्तरने वाजवलं. पियानो गप्प झाला, खोलीत आवाज म्हणून राहिला नाही, आणि तिने 'बघ' लावला. तो फाटला. जुनी चादर धुताना फाटते ना, धरलेल्या जागी नाही, भलत्याच जागी, तसा. तिने परत लावला, परत फाटला. तिसऱ्यांदा तिने नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं.

किल्लीवाले पिशवी आवरून जिना उतरून गेले. त्यांनी मजुरी मागितली नाही आणि तिनेही विचारलं नाही.

"म्हणूनच मी…" मास्तर म्हणाला.

"हे मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "तेव्हाच. मी ऐकलं असतं, मी रडले असते, आणि मग उठून मीच म्हटलं असतं, चाल खाली आणा. तुम्ही माझं रडणंसुद्धा परस्पर उरकून टाकलंत."

"तुला दुखवायचं नव्हतं."

"मला एक सांग." तिच्या तोंडून कवितेतला 'तू' त्या घरात पहिल्यांदा कवितेबाहेर पडला, आणि पडला तो असा. "या कवितांत मी एक शब्द खोटा लिहिला होता का?"

"नाही."

"मग तू त्याच्याखाली खोटे सूर का ठेवलेस?"

मास्तरने पेन्सिल काढली आणि म्हणाला, "मी सगळी गाणी एक सूर खाली लिहून देतो. हॉलवर कुणाला कळणार नाही."

सगळं सोडून नेमकं हेच वाक्य त्याने बोलायला नको होतं.

"कळू दे," ती म्हणाली.

लेक धावत आली. कार्यक्रम रद्द करू, आईला ताप आलाय सांगू, असं म्हणाली. चष्मेवालीने तिला शांतपणे सांगितलं, "या घरातली शेवटची थाप तुमची झाली. आता नवीन नको."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. निम्मी माणसं तिचीच गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या नाकावर तिनेच बसवलेले चष्मे. चष्मेवाली स्टेजवर उभी राहिली. मास्तर पियानोवर बसला आणि बोटं ठेवणार, एवढ्यात ती लोकांशी बोलायला लागली. दुकानात बोलते तशी, आवाज न चढवता.

"हे गाणं आधी पांढरी चारपर्यंत जात होतं. माझा गळा आता तिथे पोचत नाही. म्हणून आज काळी दोनपर्यंतच. आमच्या घरात हे सगळ्यांना फार पूर्वी कळलं होतं. मला मागच्या आठवड्यात कळलं."

लोक हसले. त्यांना वाटलं बाई गमतीची आहे. मग पुढच्या रांगेतल्या दोघींनी मास्तरकडे बघितलं आणि हसू मागल्या रांगांपर्यंत पोचायच्या आत विरलं. मास्तर पट्ट्यांकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लेक पहिल्या रांगेत होती, ती पत्रिकेची घडी घालत बसली, उघडून परत घालत बसली.

गाणं सुरू झालं. 'जरा' आलं, 'इकडे' आलं. आणि मग ती जागा आली जिथे पियानो गप्प होतो. त्या जागी पुढचा सूर गाणारीच्या हातात असतो. ती उघडेल तेव्हा दार उघडेल, वाजवणाऱ्याने नुसतं थांबायचं. चष्मेवाली थांबली. तिने लोकांकडे पाठ फिरवली असं नाही, पण मान वळवली आणि मास्तरकडे बघितलं. मास्तर पट्ट्यांकडेच बघत होता. ती गाईना. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला. लोकांना वाटलं, बाई ओळ विसरली. चष्मेवालीला घाई नव्हती. ती डोळे तपासताना थांबते तशी थांबली होती, समोरच्याला अक्षर दिसेपर्यंत.

मास्तरने मान वर केली. त्याने तिच्याकडे बघितलं. मग ती 'बघ' गायली. काळी दोनवर, भरल्या गळ्याने, सूर कुठेही न फाटता. तो सूर तिच्या तरुणपणचा नव्हता. तो जरा खरखरीत, जरा जाड, पण तिचा होता, आणि मास्तरने याआधी तो कधी त्याच्या खऱ्या नावाने ऐकला नव्हता. पुढचं वाजवताना तो दोनदा चुकला. आयुष्यात पहिल्यांदा.

कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, लोक येऊन भेटून गेले. घरी जाताना लेक रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, ही दोघं मागे, मधे वह्यांची आणि कागदांची पिशवी. अर्ध्या वाटेत मास्तर म्हणाला, "मी तुझ्या आवाजाला भ्यालो नव्हतो. तुझ्या रडण्याला भ्यालो होतो. चूक माझी आहे." आणि चष्मेवालीने ती मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

आता तुम्ही माझ्याकडे असं बघताय म्हणून सांगते. शपथ घेतली होती, तर एवढं कबूल करायला हवं. रिक्षात मास्तर तसं काही बोलला नाही. ते मी त्याच्या तोंडी घातलं, कारण कुणीतरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला होता, "हॉलच्या पियानोचं पेडल करकरतं, सांगायला हवं त्यांना." आणि ती पिशवी मधेच राहिली.